नानांच्या सीड्यांचा डबा

नमस्कार श्रोतेहो. गेल्या आठवड्यात एका बाईंनी फोनवर विचारलं, "नवा लॅपटॉप घेतला, तर त्याला सीडी घालायचा कप्पाच नाही! मग बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर आणला. आता डिस्क बर्न करायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, आणि बॅकअपला कोणतं?"

उत्तर दोन मिनिटांचं आहे आणि माझ्या हातात आहेत आठ. तेव्हा आधी आमच्या नानांची गोष्ट.

नाना म्हणजे माझे थोरले काका. उभं आयुष्य बँकेत गेलं. दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत सगळ्या शाखेला थांबवून ठेवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत हाती घेतला. एसटीनं कोकणातलं मूळ गाव गाठायचं, देवळातल्या जुन्या वह्या चाळायच्या, कुठल्या कुठल्या चुलत घरांना जोडकार्डं धाडायची, आणि आलेली माहिती रात्री दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाइप करायची.

2006च्या दिवाळीत त्यांचा भाचा, म्हणजे माझा आतेभाऊ, आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्यानं त्या फाइलची एक सीडी मारून दिली आणि पद्धतही शिकवली. फाइल उचलायची, सीडीच्या चित्रावर सोडायची, राइट म्हणायचं. झालं. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. नानांनी ठरवून टाकलं, दर अमावास्येला एक सीडी. "नाहीतरी त्या दिवशी नवीन काम काढत नाहीत," म्हणाले.

बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा होता, त्यात सीड्या. प्रत्येकीवर मार्करनं, सुवाच्य अक्षरात: "माघ अमावास्या, शके 1928." मार्करनंच, बॉलपेननं नाही. सीडीत माहितीचा थर वरच्या, लिहायच्या बाजूला अगदी लागून असतो, बॉलपेनचं टोक तिथं घात करतं. हे नानांनी कुठंतरी वाचून ठेवलं होतं. आणि आता नीट ऐका. प्रत्येक सीडी ते तपासायचे. बाहेर काढायची, परत घालायची, त्यातली फाइल उघडायची, शेवटचं पान बघायचं. मग डायरीत नोंद: "तपासली. बरोबर."

2009 साली पिठोरी अमावास्येची सीडी झाली आणि गणपतीत नवा कॉम्प्युटर आला. जुना दुकानदारानं बदल्यात घेतला. नानांनी त्याला बजावलं, "आतलं सगळं पुसून टाका हो, घरातली माहिती आहे." त्यानं मान डोलावली आणि पुसलंही.

आरती झाल्यावर नानांनी पिठोरीची सीडी नव्या कॉम्प्युटरमध्ये घातली. फाइल दिसली. दोनदा क्लिक केलं. पडद्यावर आलं की ही जिच्याकडे बोट दाखवते ती फाइल जागेवर नाही. आषाढाची घातली, तेच. फाल्गुनाची, तेच. मी शेजारी बसले होते. नाना काही बोलेनात, फक्त सीड्या बदलत होते. मग मी फाइलचा आकार बघितला. एक केबी. सातशे एमबीची सीडी, आणि तिच्यात एक केबी.

तुमच्या लक्षात आलं असेल. नाना डेस्कटॉपवरचं चित्र उचलत होते, ज्याच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण असतो ते. तो शॉर्टकट. ते घर नव्हे, घराकडे जायची पाटी. दर अमावास्येला नानांनी इमानेइतबारे पाटीचा बॅकअप घेतला. मग तपासताना उघडत कसं होतं? जुन्याच कॉम्प्युटरवर तपासत होते ना! पाटी घराकडे बोट दाखवत होती आणि घर तिथंच, त्याच हार्डडिस्कवर उभं होतं. पुन्हा सांगते, कारण हेच लक्षात ठेवायचंय: ज्या कॉम्प्युटरवर सीडी केली, त्याच कॉम्प्युटरवर ती उघडली, तर काहीच सिद्ध होत नाही.

पस्तीस सीड्या, पस्तीस केबी.

छत्तिसावी, म्हणजे खरं तर पहिली, लक्ष्मीपूजनाची, भाच्यानं मारलेली. त्यानं फोल्डरमध्ये जाऊन मूळ फाइल घेतली होती. ती उघडली! पण पणजोबांच्या नावाच्या जागी डॉलर, कंस आणि स्वल्पविराम. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना सारखंच कळणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. फॉन्ट मशीनवर नसला की मराठीचा असा पाला होतो. मग ती सीडी पिशवीत घालून नाना बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे तो फॉन्ट होता. दिवाळी 2006पर्यंतची पिढ्यान् पिढ्या माणसं परत आली. (तुमच्याकडे असल्या जुन्या फाइली असतील तर बॅकअपमध्ये फॉन्टही ठेवा, आणि एक प्रत युनिकोडमध्ये करून घ्या.)

जे गेलं, ती होती माहेरवाशिणींची पुरवणी. आता विषय निघालाच आहे तर बोलून घेते. कुलवृत्तांत उघडून बघा, मुलींच्या नावाशी रेघ थांबते. "कन्या, विवाहित." पुढं काही नाही, जशी काही ती विहिरीत पडली. नानांनी तीन वर्षं जोडकार्डं पाठवून ती रेघ पुढं नेली होती. माझी मुलं त्यात होती. असो.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. बर्न करायला विकत काही घेऊ नका. साध्या फाइली डिस्कवर लिहायची सोय विंडोजमध्ये आहेच. कोरी डिस्क घातली की ते विचारतं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशी? दुसरं निवडा, दुसरं. पहिल्या प्रकारची डिस्क परक्या मशीनवर अडू शकते. लिहून झाल्यावर मूळ फाइलशी ताडून बघायची सोय, म्हणजे व्हेरिफाय, हवी असेल तर सीडीबर्नरएक्सपी किंवा इमेजबर्न. दोन्ही फुकट. इमेजबर्नची 2013 नंतर नवी आवृत्ती नाही, तरी काम चोख करतं. लिनक्सवाल्यांना केथ्रीबी आहे. फक्त फुकटचं बसवताना नेक्स्ट-नेक्स्ट दाबत सुटू नका, सोबत नको ते पाहुणे येतात. मात्र व्हेरिफायनंसुद्धा नानांना वाचवलं नसतं! एक केबीची पाटी एक केबीच्या पाटीशी तंतोतंत जुळली असती.

डिस्क बर्न करायचं नीरो नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव मी घेत नाही म्हणून कुणी रागावेल. नीरो बर्निंग रॉम, रोम जाळल्याचा आळ असलेला बादशहा नीरो, नाव झकासच. पण त्या सॉफ्टवेअरच्या चित्रात जळतंय कोलोसियम, रोममधलं ते गोल प्रेक्षागार. रोमला आग लागली इसवी सन 64 मध्ये आणि कोलोसियमचं बांधकाम सुरू झालं नीरो मेल्यावर. मला त्या चित्राचा उगाच राग येतो.

आणि बॅकअप. साध्या डीव्हीडीत मावतात 4.7 जीबी. तुमची 500 जीबीची डिस्क भरलेली असेल तर शंभरावर डीव्हीडी लागतील, आणि ते कुणी करत नाही. रोजचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर. विंडोज 8पासून फाइल हिस्टरी आहे, मॅकवर 2007पासून टाइम मशीन. एकदा चालू केलं की तासातासाला आपलं आपण घेत राहतं. पण आपल्याकडे सगळा संसार डी ड्राइव्हमध्ये असतो आणि फाइल हिस्टरी आपणहून तिकडं बघत नाही, तेव्हा तो फोल्डर तिच्यात आहे ना, ते बघा. डीव्हीडीवर न बदलणारं ठेवा: लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्या. उन्हात नका ठेवू, डिस्कमधला रंग उडतो. आणि कोऱ्या डिस्क आता पूर्वीसारख्या मिळत नाहीत. डिस्क बनवणारी आपली मोझर बेअर कंपनी 2018 मध्ये अवसायनात गेली, सोनीनं 2025च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्ल्यू-रे बनवणं थांबवलं.

नानांनी पुढच्या अमावास्येपासून पुन्हा सीड्या सुरू केल्या, पुरवणीही पहिल्यापासून. सीडी झाली की चपला घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचे आणि त्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचे. चार-पाच अमावास्या झाल्यावर तो म्हणाला, "नाना, पैसे राहू द्या. तुमच्या सगळ्या पणज्या मला पाठ झाल्यात."