पट्टा मनगटावर, पाकीट तिजोरीत

नमस्कार श्रोतेहो.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात सामान टेकवलं, की समोरची व्यक्ती आधी तुमचा हात मागते. मनगटावर एक पट्टा बांधला जातो, कापल्याशिवाय न निघणारा. मोठ्यांना एक रंग, मुलांना दुसरा. पाकीट खोलीतल्या तिजोरीत जातं आणि बहुधा निघायच्या दिवसापर्यंत तिथेच पडून राहतं. तिन्ही वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, पेयं, पोहण्याचा तलाव, वाळूवरची आरामखुर्ची, संध्याकाळचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. याला म्हणतात ऑल-इन्क्लुझिव्ह. आज मला बोलायचंय ते समुद्रकाठच्या अशा रिसॉर्टबद्दल, जिथे मुलाबाळांना घेऊन आलेली कुटुंबंही उतरतात आणि दोघंच आलेली जोडपीही.

पैसे आधी दिले, की डोक्यात एक मीटर सुरू होतो. ‘दिलेत ना, मग वसूल करू.’ पहिल्या सकाळचा बुफे बघा. एका गृहस्थाच्या दोन्ही हातांत ताटल्या. एकीत गोड, एकीत तिखट, आणि कोपराने वाट काढत स्वारी टेबलाकडे निघालेली. निम्मं खाऊन होतं, निम्मं तसंच राहतं. दहा मिनिटांत स्वारी पुन्हा रांगेत, कारण पलीकडच्या टेबलावर कुणाच्या तरी ताटात काहीतरी वेगळं दिसलं. तिसऱ्या दिवशी तेच गृहस्थ एक फळ आणि चहा घेऊन गुमान बसलेले असतात. रिसॉर्टवाल्यांना हे तोंडपाठ असतं. दर ठरवताना त्यांनी सरासरी धरलेली असते: कोण किती खातं, किती पितं, ताटात किती टाकून उठतं. तुम्ही कितीही जोर लावा, त्या सरासरीला धक्का लागत नाही. लागतो तो तुमच्या पोटाला.

तेव्हा वसुलीचा नाद पहिल्याच दिवशी सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. या सुट्टीत खरी चैन आहे ती हिशेब न करण्याची. मुलगा तिसरं आइस्क्रीम मागतो तेव्हा आई किमतीकडे बघून नाही म्हणत नाही. म्हणालीच तर दातांकडे बघून म्हणते. दोन-तीन कुटुंबं मिळून गेली असतील तर बिल कुणी भरायचं यावरून ओढाताण होत नाही. आजी-आजोबांना मुलाच्या खिशाची काळजी करत मेन्यू उजवीकडून वाचावा लागत नाही. ज्याला दमल्यावर कुठलाच निर्णय घ्यायचा नाही, त्याच्यासाठी ही सोय आहे.

ही सोय आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. १९३६ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्केगनेस इथे बिली बटलिन यांनी कामगार कुटुंबांसाठी हॉलिडे कॅम्प उघडला. राहणं, जेवण आणि करमणूक, सगळं मिळून एकच रक्कम. मग महायुद्ध आलं. ते संपल्यावर १९५० साली बेल्जियमचे वॉटरपोलो खेळाडू जेरार ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर, अल्कुदिया इथे, समुद्रकाठी तंबू ठोकले. त्यांनीच काढलेल्या क्लब मेड या संस्थेचं ते पहिलं सुट्टीगाव. पुढे त्यांच्या गावांमध्ये मण्यांची पद्धत आली. जेवण पैशांत धरलेलं, पण बारमधलं पेय हवं असेल तर गळ्यातल्या माळेतले मणी सुटे करून द्यायचे. पोहण्याच्या कपड्यांना खिसा कुठून आणायचा? आजचा मनगटावरचा पट्टा त्याच अडचणीवरचा उपाय आहे, फक्त आता मोजणंही संपलं.

बारसकट सगळं एकाच रकमेत, या रूपाला खरा जोर चढला तो जमैकात. तिथल्या ओचो रिओस इथे जॉन इसा यांनी १९७८ साली फक्त जोडप्यांसाठी रिसॉर्ट काढलं आणि नावही सरळ ‘कपल्स’ ठेवलं. १९८१ मध्ये बुच स्ट्युअर्ट या एअर कंडिशनर विकणाऱ्या व्यावसायिकाने माँटेगो बे इथलं ९९ खोल्यांचं जुनं हॉटेल घेतलं आणि सँडल्स सुरू केलं. तेही जोडप्यांसाठीच. कुटुंबांसाठी त्यांनी ‘बीचेस’ हा वेगळा ब्रँड आणला तो थेट १९९७ साली, जमैकातल्याच नेग्रिलला. म्हणजे आधी जोडपी गाठली आणि त्यांना मुलं झाल्यावर त्यांच्यासाठी दुसरं दार उघडलं. व्यापारी माणूस दूरचं बघतो तो असा.

आता एकाच आवारात दोघांनाही ठेवायचं म्हणजे पंचाईत आहे. कुटुंबाला घसरगुंडीचा तलाव हवा, जोडप्याला शांत पाणी. मुलांचं जेवण सातला, जोडप्याला नऊ वाजताही घाई नसते. रिसॉर्ट हा तिढा सोडवतं ते आवाराची वाटणी करून. म्हणून बुकिंग करण्याआधी खोल्यांचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका, आवाराचा नकाशा मागवा. फोटोत प्रत्येक पलंग सुंदरच असतो. नकाशात कळतं, की रंगमंच कुठे आहे, किड्स क्लब कुठे आहे, आणि फक्त मोठ्यांसाठी राखलेला तलाव खरंच दूर आहे की मुलांच्या तलावाला नुसती एक हिरवी कुंपणपट्टी लावून वेगळा केलाय. जोडपी बहुतेकदा फसतात ती रंगमंचाजवळच्या खोलीत. रात्री उशिरापर्यंत लाउडस्पीकर, आणि सकाळी त्याच मैदानात व्यायामाचा वर्ग, पुन्हा लाउडस्पीकरवरच. कुटुंबांनी विचारायचा प्रश्न वेगळा: दोन खोल्यांमध्ये आतून दार आहे, की खोल्या नुसत्या शेजारी-शेजारी? लहान मूल दुसऱ्या खोलीत झोपणार असेल तर या एका दारावर सगळ्यांची झोप ठरते. आणि हे दार लेखी कबूल करून घ्या. ‘विनंती नोंदवली आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो.

किड्स क्लबबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आई-बापांची सुट्टी तिथेच सुरू होते. बऱ्याच ठिकाणी चार वर्षांपासून बाराव्या वर्षापर्यंतची मुलं घेतात. त्याहून लहान असेल तर दाई वेगळे पैसे देऊन ठरवावी लागते. पहिल्या सकाळी दारात एक फॉर्म भरायला देतात. मुलाला कशाची ॲलर्जी आहे, पोहता येतं का, न्यायला कोण येणार. हा फॉर्म बारकाईने विचारणारा क्लब चांगला समजावा. नुसतं नाव लिहून मूल आत घेणाऱ्या क्लबात मी तरी मूल सोडणार नाही. आत एक नजर टाका. एका ताईभोवती किती मुलं आहेत? त्यांना पाण्यात नेतात का, आणि नेतात तर पाण्यात किती मोठी माणसं उतरतात? दुपारी जेवणाच्या वेळी क्लब बंद असतो का, हेही विचारा, नाहीतर नेमकं तुम्ही टेबल राखून ठेवलंय तेव्हाच मूल परत हातात येतं. पहिल्या दिवशी मूल रडतंच. दुसऱ्या दिवशी बोलवायला गेलं की ‘इतक्या लवकर का आलात’ म्हणून रुसतं. तेरा-चौदाच्या मुलांचं मात्र अवघड. बारक्यांच्या क्लबात त्यांना लाज वाटते आणि मोठ्यांच्या तलावावर प्रवेश नसतो. त्यांच्या वयाचं काही आहे का, ते आधी बघा. नसेल, तर निदान कयाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, शिकवणारा कुणी आहे का ते तरी.

‘सगळं’ म्हणजे काय काय, हे छापील यादीतूनच कळतं. साधारणपणे कयाक, छोटी शिडाची होडी, पाण्याखाली बघायचा चष्मा-नळी हे पैशांत धरलेलं असतं; इंजिनवर चालणारं काहीही, स्कूबा डायव्हिंग आणि मसाज हे बाहेर. बुफेशिवाय दोन-चार वेगळी उपाहारगृहं असतात. तिथे जागा राखावी लागते आणि चांगल्या वेळा पहिल्या चोवीस तासांत संपतात. त्यामुळे पोहायला पळण्याआधी ते काम उरका. आणि स्वागतकक्षाजवळ कुणी फारच गोड बोलून ‘उद्या सकाळी तासभर या, भेटवस्तू देतो’ म्हणालं, तर ती टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस तिथे राहायचा हक्क, विकणारी मंडळी असतात. तो तास दुपारपर्यंत लांबतो.

दारूचंही असंच. मोजून घ्यायची नाही म्हटल्यावर काही जण न मोजता घेतात. स्पेनच्या बॅलेआरिक बेटांवर हा प्रकार इतका हाताबाहेर गेला, की तिथल्या सरकारने २०२० मध्ये मागालुफ, सांत अँतोनी अशा ठराविक पट्ट्यांतल्या ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलांवर मर्यादाच घातली: माणशी दिवसाला सहा मद्यपेयं, तीन दुपारच्या जेवणाबरोबर आणि तीन रात्रीच्या. उन्हात बसून प्यायल्याने अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. आणि पिऊन समुद्रात उतरणं तर शुद्ध वेडेपणा.

समुद्राचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबू. रिसॉर्टचं आवार कितीही राखलेलं असो, समोरचं पाणी रिसॉर्टच्या हुकमतीत नसतं. किनाऱ्यावरचा झेंडा रोज सकाळी बघा. हिरवा म्हणजे पाणी शांत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका मोठा, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायलाच बंदी. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखे दंश करणारे जीव आलेत. लाल-पिवळा अर्धा-अर्धा असे दोन झेंडे रोवलेले असतील, तर त्या दोन झेंड्यांच्या मधल्या जागेवर लाइफगार्डची नजर असते; पोहायचं तिथेच. किनाऱ्याकडून आत खेचणारा प्रवाह काही वेळा सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने जातो. त्याच्या विरुद्ध पोहून कुणीही परत येत नाही, माणूस फक्त दमतो. घाबरायचं नाही, तरंगत राहायचं, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचं. प्रवाह अरुंद असतो. बाजूला निघालं, की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात.

तलावावरही डोळा हवा. कित्येक हॉटेलांच्या तलावाशी ‘इथे लाइफगार्ड नाही’ अशी पाटी असते आणि ती कुणी वाचत नाही. बुडणारं मूल हात हलवून ओरडेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते बहुधा आवाजही न करता खाली जातं, कारण श्वास घेता घेताच त्याची दमछाक झालेली असते. आजूबाजूला वीस मोठी माणसं आहेत हा दिलासा फसवा आहे. प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी बघतोय. पाळी लावा. आता अर्धा तास तू, मग मी. ज्याची पाळी, त्याच्या हातात फोन नाही.

ऋतूही विचारून घ्या. कॅरिबियनकडे जाणार असाल तर अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. तेव्हा दर उतरतात ते उगाच नाही. शिवाय २०११ पासून त्या भागात सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागतं. साचून कुजलं की त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वसंतापासून उन्हाळाभर त्याचा जोर असतो, आणि जाहिरातीतल्या फोटोत ते कधीच नसतं. सनस्क्रीनचंही बघा. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेलं सनस्क्रीन विकायला बंदी आहे, प्रवाळाला अपाय होतो म्हणून. बाटलीवरची बारीक अक्षरं निघण्याआधीच वाचा.

आणि एक गोष्ट मला खटकते, ती सांगतोच. सगळं आतच मिळतं म्हटल्यावर लोक फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. बाहेरचा खानावळवाला, होडीवाला, रिक्षावाला बघत राहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या देशाने १९९९ साली या कारणापायी ऑल-इन्क्लुझिव्हवर बंदीच घातली होती. पर्यटन कंपन्यांनी पाठ फिरवली आणि थोड्याच काळात ती मागे घ्यावी लागली. तेव्हा बंदीने काही साधत नाही, पण पाहुण्याने साधता येतं. निदान एक जेवण बाहेर घ्या. खास करून जोडप्यांनी. दोघांनाही भटकायची आवड असेल तर सगळे दिवस कुंपणाच्या आत काढण्यापेक्षा मुक्काम वाटून घ्या; निम्मे दिवस साध्या हॉटेलात, निम्मे इथे. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र सगळा मुक्काम इथेच करायला माझी ना नाही. खोली आवरणाऱ्या माणसालाही शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळत ठेवू नका. टीप रोजची रोज ठेवा, कारण रोज तोच माणूस येईल असं नसतं.

निघायच्या दिवसाची तयारी आदल्या रात्री करा. खोली सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते आणि विमान संध्याकाळचं असतं. मधल्या वेळात पट्टा चालतो की खोलीबरोबर तोही संपतो, हे आधीच विचारून घ्या. चालत असेल तर सामान ठेवायची खोली आणि अंघोळीची जागा कुठे आहे तेही. पोहण्याचे कपडे, टॉवेल आणि प्रवासातले कोरडे कपडे मोठ्या बॅगेत तळाशी घालू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि तिजोरीतून पाकीट काढताना पासपोर्टही काढा. तो आत विसरून विमानतळावर पोचणारे दर हंगामात निघतातच.