पेन आलं, गोळी तशीच राहिली

(पहाट. हरभऱ्याचं रान, पानांवर दव. कडब्याची कोप. आत बायकांची लगबग.)

येळवस आहे. मार्गशीर्षातली ही अमावस्या आली की लातूर-धाराशिवकडच्या गावांत घरांना कुलपं आणि माणसं रानात. कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच पांडव, पुढ्यात आंबिलाचं बिंदगं. चुलीवर भज्जी रटरटतेय. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, मेथी, चिंचेचा कोळ, डाळीचं पीठ. ज्याच्या रानात जे हिरवं असेल ते तिच्यात पडतं. पळी जिच्या हातात आहे ती माझी आत्या. वय 58. शुगर 11 वर्षांपासून.

(आत्याचं ताट, जवळून. बाजरीचा उंडा अर्धा मोडलेला. भज्जीला हात नाही. मागून कुणीतरी विचारतं, "वाढू का अजून?")

हे ताट नीट बघा. दुपारचे दोन वाजून गेलेत. पहाटेपासून शंभर माणसांचं रांधलेल्या बाईनं अर्धा उंडा खाल्लाय आणि वर दोन घोट आंबील.

"सकाळपासून पोट भरल्यावाणी व्हायलंय रे. घासच उतरंना."

हे आम्ही सणासाठी शूट करत होतो. यावरून औषधाची फिल्म होईल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. म्हणून सकाळी सातला कोपीच्या दारात आत्यानं पदराची गाठ सोडली, गोळी काढली आणि चहाबरोबर घेतली, ते दृश्य आमच्याकडं आलंय ते निव्वळ योगायोगानं. कॅमेरा खरं तर चुलीवर होता. कोपऱ्यात, जरा धूसर, आत्याचा हात दिसतो. तोच भाग पुन्हा दाखवतो.

(तोच प्रसंग, मोठा करून. हात. पदराची गाठ. पांढरी गोळी.)

(मोबाईलवर काढलेला फोटो. ग्लुकोमीटरच्या पडद्यावर 46.)

त्या रात्रीचं चित्रण नाही. भावानं काढलेला एवढा एक फोटो आहे. 70 च्या खाली आली की शुगर कमी धरतात; ही 46. अंगाला दरदरून घाम, बोलणं असंबद्ध, गाडी काढून लातूर, दवाखान्यात दोन रात्री.

(आत्याचं घर. फ्रिजचं दार उघडतं. दुधाच्या पातेल्यामागं एक खोका. खोक्यात पेन.)

येळवसेच्या तीन आठवडे आधी हे इंजेक्शनचं पेन घरात आलं होतं. दर रविवारी एकदा, पोटाच्या कातडीखाली. वजन उतरेल, शुगरही उतरेल, असं सांगून लातुरातल्या एका डॉक्टरांनी सुरू केलं. सांगितलं त्यात चूक काहीच नव्हतं. वजन उतरत होतं, शुगरही.

पेन कसं चालतं ते आत्याची नात करून दाखवतेय. टोपण काढायचं, दर वेळी नवी सुई लावायची, डोसाचा आकडा फिरवायचा, पोटाची चिमट धरून टोचायचं, सावकाश दाबायचं आणि सुई लगेच ओढायची नाही. फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की ते गेलं. फ्रिजबाहेर ठेवायची वेळ आली तर 30 अंशांच्या वर नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसा लाईट जाते. त्यामुळं फ्रिजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं, यावरूनही आता घरात बोलणी बसतात.

(पाटीवर खडूनं काढलेला जाड शेपटीचा सरडा. नात शेपटीवर ठिपके देतेय.)

हे चित्रही नातीनंच काढलंय. गिला मॉन्स्टर. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात राहणारा विषारी सरडा. आत्याच्या फ्रिजमधल्या पेनाची गोष्ट याच्यापासून सांगावी लागते.

आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं, जीएलपी-1. ते स्वादुपिंडाला सांगतं, साखर चढतेय, इन्सुलिन सोड. मेंदूला सांगतं, आता पुरे. जठराला सांगतं, दमानं घे. पण ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डीपीपी-4 नावाचं विकर त्याचे तुकडे पाडतं. एवढ्याशा आयुष्याच्या पदार्थाचं औषध करायचं कसं, हे कोडं होतं. जॉन एंग या अमेरिकी डॉक्टरांना 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या सरड्याच्या विषात त्याच्यासारखंच काम करणारा, पण लवकर न तुटणारा पदार्थ सापडला. त्यावरून एक्सेनाटाईड तयार झालं आणि 2005 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढं आठवडाभर पुरणारं सेमाग्लुटाईड आलं. मग टिर्झेपाटाईड आलं, जे जीएलपी-1 आणि जीआयपी अशा दोन संप्रेरकांचं काम करतं. मार्च 2025 मध्ये ते भारतात माउंजारो या नावानं विक्रीला आलं, जूनमध्ये सेमाग्लुटाईडचं वेगोव्ही. सेमाग्लुटाईडच्या पेटंटची मुदत भारतात मार्च 2026 पर्यंतच होती, त्यामुळं देशी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मधल्या अभ्यासानं देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही मोजले. हे औषध महानगरांत थांबणार नव्हतंच. ते औसा तालुक्यातल्या आत्याच्या फ्रिजमध्ये आलं.

आणि या औषधाचा एक मोठा गुण आहे, तो सांगायलाच हवा. साखर चढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाला कामाला लावतं. साखर उतरली की गप्प बसतं. नुसत्या या पेनानं शुगर धोक्याइतकी खाली जाणं विरळा.

मग 46 कशी आली?

(विहीर. पाणी तळाला. काठावर पत्र्याची पेटी. लाईट येते, पेटीत खटका पडतो, मोटार सुरू होते. पाइपातून नुसती हवा.)

ही आमच्या चुलत्यांची विहीर. पेटीत ऑटो स्टार्टर आहे. रात्री-अपरात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. विहिरीत पाणी आहे का नाही, हे स्टार्टरला कळत नाही. पाणी नसलं तरी मोटार फिरत राहते. कोरडी फिरून जळालेल्या मोटारी मराठवाड्यात दर घराला ठाऊक आहेत.

आत्याच्या पदरातली गोळी या स्टार्टरसारखी आहे. ग्लिमेपिराईड. ती पोटात गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणार. तुम्ही जेवलात का, किती जेवलात, ती विचारत नाही. 11 वर्षं आत्या दोन भाकरी, वरण, भाजी असं वेळेवर जेवत होती, तेव्हा गोळी आणि ताट यांचा मेळ होता. पेनानं भूक मारली. विहिरीचं पाणी गेलं आणि स्टार्टर चालूच राहिला.

ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिबेनक्लामाईड या एका गोत्रातल्या गोळ्या. यांतली एखादी किंवा इन्सुलिन चालू असताना पेन सुरू करायचं, तर जुन्याचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायचं असतं. औषधासोबतच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. सांगायचं कुणाकडून राहिलं?

(दवाखाना. टेबलावर कापडी पिशवी उलटी होते. पाकिटं, बाटली, अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा.)

हे दृश्य मुद्दाम लांब ठेवलंय.

दोन रात्रींनंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी घेऊन या, निवडू नका. ही ती पिशवी. रेशनच्या दुकानाचं नाव पुसट झालेलं कापड. डॉक्टरबाई एकेक स्ट्रिप उचलतात, उजेडात धरतात, मागचं बारीक अक्षर वाचतात. काही स्ट्रिपांवर नावाचा भाग कापून गेलाय. मेडिकलवाल्यानं दहातल्या चारच गोळ्या कापून दिल्या होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांची एक, लातूरच्या डॉक्टरांची दुसरी, मेव्हणीला गुण आला म्हणून घेतलेली तिसरी.

"पेन सुरू केलं तेव्हा सांगितलं नव्हतं का, या गोळ्या चालू आहेत म्हणून?"

"सांगितलं की. म्हणलं, शुगरची गोळी चालू हाय."

'शुगरची गोळी'. आपल्याकडं लाखो घरांत हेच म्हणतात. त्या एका शब्दाखाली पिशवीतून काय काय निघालं ते टेबलावर बघा. पहिली स्ट्रिप, एका गोळीत तीन औषधं: ग्लिमेपिराईड, मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज. यातलं मेटफॉर्मिन पेनासोबत चालतं, जगभर चालतं. दुसरी स्ट्रिप टेनेलिग्लिप्टिन. ही गोळी त्या तुकडे पाडणाऱ्या विकराला अडवते, म्हणजे पेनाचंच काम दुबळ्या हातानं करते. दोन्ही मिळून जास्त फायदा नाही, पैसे मात्र दोनदा. तिसरी बीपीची, मेटोप्रोलॉल. शुगर उतरली की छातीत धडधडतं, माणूस सावध होतो. ही गोळी ती धडधड दाबून टाकू शकते. घाम तेवढा येतो. येळवसेच्या रात्री आत्याला घामच आला होता.

(डॉक्टरबाई पहिली स्ट्रिप बाजूला धरतात. बोट 'व्होग्लिबोज'वर.)

इथं त्या थांबल्या आणि भावाला विचारलं, "घरी काय दिलंत तेव्हा?"

"साखर. मग गूळ. लई दिला."

व्होग्लिबोज आतड्यात साखर फोडू देत नाही, तेच त्याचं काम. आपली घरातली साखर फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, गुळाचंही तेच. भावानं मूठभर गूळ चारला, तो पोटात पडून राहिला. हे औषध चालू असलेल्याला ग्लुकोज पावडर द्यावी लागते, तिला फुटायची गरजच नसते. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे पाण्यात, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणं. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना. आणि ग्लिमेपिराईडनं उतरलेली शुगर एकदा वर आली तरी पुन्हा उतरू शकते, म्हणून दोन रात्री ठेवून घेतलं होतं.

मला राग येतो तो इथं. मेडिकलमध्ये ग्लुकोजचा डबा औषधांच्या शेजारच्या फळीवर असतो. 11 वर्षांत त्या फळीकडं बोट दाखवून कुणी एक वाक्य बोललं नाही. भाऊ अजून म्हणतो, मी गूळ कमी दिला का?

(मे महिना. भेगाळलेलं रान. रस्त्याकडेला पाण्याचा टँकर, घागरींची रांग.)

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. पेनासोबत त्या देतात, चांगल्या चालतात. पण पेनानं उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात ठरेना आणि बाहेर 42 अंश, तर मूत्रपिंडाला फटका बसतो. अन्नच जात नसेल तर शुगरचा आकडा बरा दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. अशा दिवशी ही गोळी चालू ठेवायची का, ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. एकादशीला, नवरात्रात, रमजानच्या रोज्यांतही उपास धरण्याच्या आधी विचारायचं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे लातूर आहे, इथं 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला सोपा नाही.

भीतीनं इन्सुलिन स्वतःहून एकदम बंद करणं हे याच्या उलटं टोक. तेही जिवावर बेततं.

(पुन्हा दवाखाना. कोरा कागद. लिहायच्या पेनाची निब जवळून.)

डॉक्टरबाईंनी सगळं एकाच कागदावर लिहून काढलं. रविवारचं इंजेक्शन राहिलं, वाढवायचं मात्र नाही, आहे तेवढाच डोस. मेटफॉर्मिन वेगळं लिहिलं. तीन औषधांच्या गोळीवर काट, टेनेलिग्लिप्टिनवर काट. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या म्हणाल्या. शुगर झपाट्यानं उतरली की आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो. कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना पेनाबद्दल आधी सांगा, जठर उशिरा रिकामं होतं. सून सोबत होती, तिला वजनासाठी हेच पेन हवं होतं. आत्याचं पेन सुई बदलूनही वापरायचं नाही, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या खात असशील तर पेनातल्या टिर्झेपाटाईडनं त्यांचा भरवसा कमी होतो, हे तिला कळलं ते त्या खुर्चीत.

(आत्या पिशवीत वस्तू भरतेय. काट मारलेल्या स्ट्रिपा हातात.)

"बाई, ह्या उरलेल्या गोळ्यांचं काय करू? महिन्याच्या हायत्या. पैशे गेलेत त्याचे."

डॉक्टरबाई हात पुढं करतात. आत्या स्ट्रिपा देत नाही लगेच.

(अंगण, संध्याकाळ. आत्या पदराच्या टोकाला गाठ मारतेय. गाठीत ग्लुकोजची पुडी.)