कागदावरच्या खुणा : प्रशिक्षक रस रोझ यांची ४३ वर्षे

व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक म्हटला की बाजूरेषेवर येरझाऱ्या घालणारा, हातवारे करून खेळाडूंना ओरडून सांगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाच्या सामन्यांत मात्र वर्षानुवर्षे निराळे दृश्य दिसत असे. संघाच्या बाकावर एक गृहस्थ हातात कागद आणि लेखणी घेऊन बसलेले असत आणि एकेक चेंडू संपला की मान खाली घालून कागदावर नोंद करीत. संगणकावर आकडेवारी काढणारी माणसे जवळ असतानाही त्यांनी ही सवय सोडली नाही. या गृहस्थांचे नाव रस रोझ. १९७९ ते २०२१ अशा ४३ हंगामांत त्यांच्या संघाने १,३३० सामने जिंकले, २२९ गमावले आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद ७ वेळा मिळवले.

रोझ मूळचे शिकागोचे. शिकागोजवळच्या जॉर्ज विल्यम्स कॉलेजात ते शिकले आणि तिथल्या संघातून खेळले. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे कार्यकर्ते घडवण्यासाठी हे कॉलेज सुरू झाले होते. व्हॉलीबॉलचा जन्मही वायएमसीएतच झाला. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ तयार केला आणि त्याच संस्थेच्या माणसांनी तो भारतातही आणला. त्यामुळे आपल्या गावात शाळेच्या मैदानावर दोन खांबांमध्ये बांधलेली जाळी आणि शिकागोजवळचे ते कॉलेज यांचे मूळ घराणे एकच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या कॉलेजाला आणखी एक परंपरा होती. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक असलेले जेम्स कोलमन हे तिथे प्रशिक्षक होते आणि व्हॉलीबॉलमधील प्रत्येक कौशल्याला गुण देऊन मोजमाप करण्याच्या पद्धतीचे ते आद्य पुरस्कर्ते मानले जातात. रोझ यांनीही पुढे नेब्रास्का विद्यापीठात पदव्युत्तर पदवी घेताना आपल्या प्रबंधासाठी व्हॉलीबॉलच्या आकडेवारीचाच विषय निवडला. तिथेच टेरी पेटिट यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक म्हणून काम करून १९७९ मध्ये ते पेन स्टेटला आले, तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते.

आता ही मोजणी नेमकी कशाची, ते थोडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण या प्रशिक्षकाची सारी कारकीर्द मला त्यातच दिसते. समोरून सर्व्हिस येते आणि आपली खेळाडू दोन्ही हात जोडून तो चेंडू घेते. हा पहिला स्पर्श. चेंडू जाळीजवळ, लिफ्टरच्या (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूच्या) डोक्यावर अलगद आला, तर लिफ्टरसमोर डावी बाजू, उजवी बाजू आणि मधला जलद स्मॅश असे सारे पर्याय खुले असतात आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ब्लॉकला, म्हणजे जाळीवर हात वर करून स्मॅश अडवणाऱ्या खेळाडूंना, कोणाकडे धावावे हे कळत नाही. तोच चेंडू दोन पावले मागे पडला की मधला स्मॅश हातचा जातो. आणखी मागे गेला की एकाच बाजूला उंच चेंडू देण्यापलीकडे काही उरत नाही, आणि तिथे दोन उंच खेळाडू हात वर करून आधीच उभ्या असतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या स्मॅशला, पण त्या पॉइंटचे भवितव्य दोन स्पर्श आधीच बरेचसे ठरून गेलेले असते. पहिल्या स्पर्शाला गुण देण्यामागचा विचार हाच आहे. कोणत्या खेळाडूचा हा पहिला स्पर्श, म्हणजे पास, कितपत चांगला येतो, हे प्रशिक्षकाला सरावाच्या वेळी आणि सामन्यात आकड्यांत माहीत असेल, तर त्याला अंदाजावर विसंबावे लागत नाही.

रोझ यांनी काम सुरू केले तो काळ या खेळासाठी संक्रमणाचा होता. शिक्षणसंस्थांमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला आणि त्यामुळे विद्यापीठांतील मुलींच्या खेळांना हळूहळू पैसा, मैदाने आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची महिला व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८१ मध्ये सुरू झाली, पण तिच्यावर प्रदीर्घ काळ पश्चिम किनाऱ्याचे राज्य होते. कॅलिफोर्निया आणि हवाईतील विद्यापीठे आळीपाळीने विजेतेपद घेत. १९८८ मध्ये टेक्सासने आणि १९९५ मध्ये नेब्रास्काने काय तो त्यात खंड पाडला. पेन स्टेट वसले आहे पेन्सिल्व्हेनियातील डोंगरांमधल्या खोऱ्यात, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि गावाचे सारे प्रेम अमेरिकन फुटबॉलवर असते. १९२९ मध्ये उघडलेल्या ‘रेक हॉल’ या विटांच्या जुन्या इमारतीत रोझ यांनी आपला संघ उभा केला. एनसीएएच्या पहिल्या स्पर्धेपासून आजवर एकही वर्ष न चुकता त्या स्पर्धेत खेळलेला हा देशातील एकमेव महिला संघ आहे.

तरीही विजेतेपदासाठी त्यांना तब्बल २० वर्षे थांबावे लागले. १९९३ मध्ये संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि लाँग बीच स्टेटकडून हरला. १९९७ मध्ये स्टॅनफर्डने हरवले. १९९८ मध्ये पुन्हा लाँग बीच स्टेट समोर आले. त्या हंगामात एकही सामना न गमावलेले ते दोन संघ होते, आणि लाँग बीचची लिफ्टर होती मिस्टी मे. तीन सेट आधी जिंकेल तो संघ विजयी; सामना पाचव्या, म्हणजे निर्णायक सेटपर्यंत गेला आणि पेन स्टेट हरले. सहा हंगामांत तीन वेळा अंतिम फेरीत हरलेल्या प्रशिक्षकाबद्दल, हा माणूस शेवटची पायरी चढू शकत नाही, असे लोक बोलू लागतात.

१९९९ मध्ये होनोलुलूला अंतिम सामन्यात स्टॅनफर्ड होते आणि त्यांच्याकडे केरी वॉल्श होती. याच मिस्टी मे आणि केरी वॉल्श यांनी पुढे जोडीने बीच व्हॉलीबॉलमध्ये २००४, २००८ आणि २०१२ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, हे लक्षात घेतले म्हणजे रोझ यांच्या मुलींपुढे त्या दोन वर्षांत काय दर्जाच्या खेळाडू उभ्या होत्या याची कल्पना येते. लॉरेन काचियामानी आणि लिफ्टर बॉनी ब्रेमनर यांच्या त्या संघाने स्टॅनफर्डला सरळ तीन सेटमध्ये हरवले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील विद्यापीठाने महिलांची ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

यानंतरचा काळ विक्रमांचा आहे. सप्टेंबर २००७ मध्ये पेन स्टेट स्टॅनफर्डकडून हरले आणि त्यानंतर सप्टेंबर २०१० पर्यंत हरलेच नाही. सलग १०९ विजय! मेगन हॉज, लिफ्टर अलीशा ग्लास, निकोल फॉसेट, क्रिस्टा हार्मोटो अशा खेळाडू एकाच वेळी एका संघात असणे हे भाग्य खरे, पण अशा खेळाडूंना दर दिवशी तेवढ्याच गांभीर्याने खेळायला लावणे ही वेगळी गोष्ट आहे. २००८ चा हंगाम पाहा. २००७ च्या अंतिम सामन्यातील पाचवा सेट जिंकल्यावर पुढच्या वर्षी संघाने ३६ सामने एकही सेट न गमावता जिंकले, म्हणजे १०८ सेट. मग उपांत्य सामना आला तो ओमाहा शहरात, नेब्रास्काविरुद्ध, नेब्रास्काच्याच १७ हजारांहून अधिक पाठीराख्यांपुढे. तिथे पहिले दोन सेट जिंकून, २००७ चा तो पाचवा सेट धरून, सलग जिंकलेल्या सेटची संख्या १११ झाली आणि तिसऱ्या सेटला ती साखळी तुटली. चौथाही गेला. वर्षभर ज्यांनी सेट गमावणे म्हणजे काय हे अनुभवलेच नव्हते, त्या मुलींनी त्या गोंगाटात पाचवा सेट १५–११ असा जिंकला आणि दोन दिवसांनी विजेतेपदही मिळवले.

माझ्या मते मात्र त्याहून मोठा सामना २००९ चा. टँपा येथील अंतिम सामन्यात टेक्सासने पहिले दोन सेट घेतले होते. टेक्सासच्या डेस्टिनी हूकरला थोपवणे कोणालाच जमत नव्हते. त्या एका सामन्यात तिने ३४ यशस्वी स्मॅश मारले. १०१ विजयांची मालिका आता संपते असे दिसत असताना पेन स्टेटने पुढचे सेट २५–२३, २५–२१ आणि १५–१३ असे खेचून आणले. हूकर शेवटपर्यंत गुण मिळवतच राहिली, तरीही बाकीच्या कोर्टवर पेन स्टेटचा संघ एकेक पॉइंट वेचत गेला.

११ सप्टेंबर २०१० रोजी स्टॅनफर्डनेच ती मालिका संपवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेन स्टेटने सलग चौथे विजेतेपद जिंकले. अशी चौकडी त्याआधी कोणी साधली नव्हती. २०१३ आणि २०१४ मध्ये आणखी दोन विजेतेपदे आली. कडक शिस्त आणि तिरकस, खोचक बोलणे यांसाठी रोझ प्रसिद्ध होते, आणि प्रत्येक मुलीला ते मानवले असेल असे नाही. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या हॉज आणि हार्मोटो यांनी २०१२ मध्ये ऑलिंपिक रौप्य मिळवले, ग्लास आणि हार्मोटो यांनी २०१६ मध्ये कांस्य, तर हेली वॉशिंग्टन आणि मिका हँकॉक या टोकियोत अमेरिकेचे पहिले महिला व्हॉलीबॉल सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होत्या.

शेवटच्या सात वर्षांत विजेतेपद आले नाही. २०१७ मध्ये उपांत्य सामना पाच सेटपर्यंत लढून नेब्रास्काकडून गमावला. डिसेंबर २०२१ मध्ये रोझ यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांच्या जागी केटी शूमाकर-कॉली आल्या. १९९९ च्या होनोलुलूतील विजेत्या संघात त्या खेळाडू होत्या.

२०२४ च्या हंगामात केटी यांना स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचार चालू असताना त्या संघासोबत बाकावर येत राहिल्या. उपांत्य सामन्यात नेब्रास्काने पहिले दोन सेट जिंकले होते. पेन स्टेटने पुढचे तीन घेतले. डिसेंबरमध्ये लुईव्हिल येथे अंतिम सामनाही जिंकून त्यांनी विद्यापीठाला आठवे विजेतेपद मिळवून दिले. एनसीएएची ही महिलांची स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, आणि ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या.