सुयांगची पळालेली मुलगी

मंडळी, 'द प्रिन्सेस मॅन' ही 2011 साली कोरियाच्या केबीएस वाहिनीवर आलेली 24 भागांची मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलेली दिसतेय. न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बापाने ज्याचं घर उद्ध्वस्त केलं, त्याच्यावरच मुलीचा जीव जडलाय. आणि तो सूड घ्यायला जिवंत उरलाय. मला आज त्या सुडाबद्दलच बोलायचंय. कारण इतिहासात तो कोणाला घेताच आला नाही.

कोरियन लिपी घडवणारा राजा सेजोंग 1450 मध्ये गेला. थोरला मुलगा मुनजोंग दोनच वर्षांत गेला, आणि 1452 मध्ये गादीवर बसला दानजोंग, दहा-अकरा वर्षांचा पोर. त्याची आई बाळंतपणातच गेलेली, आजीही आधीच वारलेली. राजा अज्ञान असेल तर राजमातेने कारभार बघायचा, पण इथे बघणारी कोणी उरलीच नव्हती. मग कारभार गेला मंत्र्यांकडे. नेमणुकांच्या यादीत हव्या त्या नावापुढे मंत्र्यांनी पिवळी खूण करायची आणि पोराने तेवढ्यावर मान डोलवायची, असा प्रकार सुरू झाला. राजाचा काका सुयांग याला निमित्त हवंच होतं, ते आयतं मिळालं.

काका-पुतण्या म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा उभा राहणार, हे मला ठाऊक आहे. तो जरा बाजूला ठेवा. हा काका जिंकला आणि 'सेजो' म्हणून मरेपर्यंत, तेरा वर्षं, राज्य करून गेला.

1453 च्या दहाव्या चांद्रमासातली ती रात्र राजदरबाराच्या बखरीत इतकी बारकाईने लिहिलीय की पटकथाकाराला फारसं काही करायला उरत नाही. सुयांग संध्याकाळी मोजकी माणसं घेऊन किम जोंग-सोच्या घरी गेला. हा किम म्हणजे उत्तर सीमेवर ठाणी वसवणारा, 'वाघ' म्हणून ओळखला जाणारा, सत्तरीचा मंत्री. 'आत या' म्हटलं तरी सुयांग आत जाईना. माझ्या टोपीचा पंख कुठे पडला, तुमचा द्या, म्हणाला. दरबारी टोपीला मागे दोन पंख असतात, त्यातला एक. म्हाताऱ्याने आपल्या टोपीचा काढून दिला! मग सुयांगने एक पत्र पुढे केलं. किम ते चंद्रप्रकाशात धरून वाचायला लागला आणि सुयांगच्या नोकराने त्याच्या डोक्यात लोखंडी गदा घातली. मुलगा बापाच्या अंगावर आडवा पडला, तो तलवारीने मारला गेला. किम मात्र मेला नव्हता. शुद्धीवर आल्यावर बायकांचे कपडे घालून, पालखीत बसून शहरात शिरायला गेला, तर दरवाजे बंद. दुसऱ्या दिवशी शोधून मारला. तिकडे राजाच्या नावाने बोलावलेले मंत्री एकेक करून येत होते. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला दारातच मारायचं याची यादी हान म्योंग-ह्वे या सुयांगच्या सल्लागाराने तयार ठेवली होती, असं सांगतात. या हानच्या दोन मुलींची लग्नं पुढे राजे झालेल्या दोघांशी लागली. याला म्हणतात हिशेब.

1455 मध्ये दानजोंगने गादी 'सोडली'. पुढच्या वर्षी दानजोंगशी एकनिष्ठ असलेला दरबारी सोंग साम-मुन आणि त्याच्या सोबत्यांनी, चीनच्या वकिलांसाठीच्या मेजवानीत सुयांगला उडवायचं ठरवलं. ऐन वेळी बेत पुढे ढकलावा लागला, आणि त्यांच्यातल्याच एकाने जाऊन सगळं सांगून टाकलं. मग छळ आणि देहदंड. छळ चालू असतानाही सोंगने सेजोला 'महाराज' म्हटलं नाही, 'साहेब' म्हटलं, अशी आठवण कोरियात आजही सांगितली जाते. पोरक्या राजाची रवानगी योंगवोलला झाली. तीन बाजूंना नदी आणि चौथीकडे कडा अशी ती जागा. 1457 मध्ये योंगवोललाच, सोळाव्या वर्षी, तो संपला. बखर म्हणते गळफास घेतला. लोकांना ते कधीच पटलं नाही. त्याला पुन्हा राजा म्हणून मान मिळाला तो 1698 मध्ये, म्हणजे जवळपास अडीचशे वर्षांनी.

इतकी वर्षं लोकांनी काय करायचं? लोकांनी गोष्टी रचल्या. एक अशी, की दानजोंगची मेलेली आई सेजोच्या स्वप्नात येऊन त्याच्या अंगावर थुंकली आणि त्याला त्वचारोग जडला. तिनेच सेजोचा थोरला मुलगाही नेला म्हणतात. पण तारखा बघा. तो राजपुत्र दानजोंगच्या आधी महिना-दीड महिना वारला होता. भुताने उधारी आगाऊच वसूल केली म्हणायची!

दुसरी गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या एका कथासंग्रहात आहे, आणि मालिका तिच्यावरच उभी आहे. सेजोच्या मुलीला बापाची कृत्यं सहन होईनात. आईने तिला दागिने देऊन दाईबरोबर लपूनछपून बाहेर काढलं. डोंगराळ मुलखात एक तरुण भेटला, लग्न झालं, आणि मग कळलं की तो किम जोंग-सोचा नातू. मालिकेने नातवाचा मुलगा केला आणि हातात तलवार दिली. माझ्या मते मूळ गोष्टीत तलवार नाही हेच तिचं बळ. राजाला कोणी हात लावत नाही. पुढे म्हातारपणी तो मुलीला भेटतो, जावयासकट परत न्यायला माणसं पाठवतो, तर दोघं घर सोडून गेलेली असतात.

नोंदींमध्ये सेजोच्या राणीची एकच मुलगी सापडते, राजकन्या उइसुक. ती दिली जोंग इन-जीच्या घरात, आणि 1453 च्या त्या कटाबद्दल पहिल्या दर्जाचा सन्मान मिळालेल्यांमध्ये हे व्याहीबुवा होते.