भेंडीचं फूल, खोडरबराचा ठसा आणि आत कुंदा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात भेंडी आणली असेल तर त्यातली एक जून, जाडसर भेंडी बाजूला काढून ठेवा. भाजीला नको, तिच्याकडे आज दुसरं काम आहे. आणि लिटरभर म्हशीचं दूध असेल तर तेही राखून ठेवा. त्याचं काय करायचं ते थोड्या वेळाने सांगते.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत बरीच वर्षं शिकवलं. चित्रकलेचा तास माझ्याकडे असायचा, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नसे. वर्गात रंगपेट्या तीन नाहीतर चार. त्यामुळे आमची चित्रकला बरीचशी बाजाराच्या पिशवीतून यायची: बटाटा, भेंडी, ढबू मिरची, केळीच्या पानाचा देठ. संक्रांत जवळ आली की आम्ही भेटकार्डं करायला बसायचो. निवृत्त झाले, पण ते खूळ काही सुटलं नाही. यंदाही संक्रांतीला तीन आठवडे उरलेत आणि माझ्या टेबलावर खोडरबराचा चुरा पडला आहे.

मागच्या वर्षी शेजारच्या अक्कांना मी म्हणाले, "स्टॅम्प मारून कार्डं करतेय." त्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या पाकिटांवरची टपाल तिकिटं पाण्यात भिजवून, सुटी करून, वाळवून वाटीभर आणून दिली. "घे की गे, तुला लागतात न्हवं!" मला ठसे म्हणायचं होतं. पण अक्कांची चूक वाटते तेवढी मोठी नव्हती. आशिया खंडातली पहिली टपाल तिकिटं १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात निघाली, 'सिंध डाक' म्हणतात त्यांना. ती मुळात ठसेच होती, कागदावर दाबून उठवलेले. त्यातला पांढरा तर शाईशिवायचा, पांढऱ्या कागदावर नुसता उठाव. तांबडा लाखेच्या पातळ चकतीवर होता, आणि तो हातात घेतला की तडकायचा. अक्कांची तिकिटं मी परत केली नाहीत. पाकिटांना आतून अस्तर म्हणून ती फार छान दिसतात.

छापील भेटकार्डाची गोष्ट मात्र वेगळी आहे. लंडनमधल्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना १८४३ च्या नाताळात सगळ्यांना हाताने पत्रं लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारेक कार्डं छापून घेतली आणि स्वतःपुरती ठेवून उरलेली एकेका शिलिंगला विकायला काढली. म्हणजे नाताळचं कार्ड बाजारात आलं तेच मुळी वेळ वाचवायला. आपण मात्र एका कार्डाला अर्धा तास घालवणार आहोत. ज्यांना घाई आहे त्यांनी मोबाइलवर हलणारे लाडू पाठवावेत, माझी काही तक्रार नाही.

तर भेंडी. देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापा, एका घावात, सुरी मागे-पुढे न करता. आत फूल दिसेल, बहुधा पाच पाकळ्यांचं. कापलेला भाग जुन्या वर्तमानपत्रावर टेकवून चिकटपणा टिपून घ्या आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. बटाट्याचंही तेच, कारण बटाट्याला कापल्यावर पाणी सुटतं आणि रंग त्या पाण्यावर तरंगतो. घाई केली की फुलाऐवजी डबकं उमटतं. ढबू मिरचीचा काप तीन-चार पानांचा येतो. केळीच्या पानाचा जाड देठ कापला की आत जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि ती कार्डाच्या कडेला एकापुढे एक उमटवली की साडीचा काठ तयार. आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावात हातमागावर साड्या विणत, त्या घरांतल्या मुली वर्गात आल्या की काठ कसा धरायचा हे मला शिकवायच्या, मी त्यांना नाही.

रंग कोणता? ऑफिसात वापरतात ते शाईचं पॅड चालतं, पण त्यात निळा, जांभळा, तांबडा, काळा याच्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. मी पोस्टर कलर घेते आणि ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजच्या तुकड्यावर पसरते. रंग दह्यासारखा हवा, ताकासारखा नको. आळता वापरून बघायचा मोह अनेकींना होतो. कागदावर तो पसरतो, कडा विस्कटतात. मी तीनदा करून बघितलंय, म्हणून सांगते.

आणि कागदाखाली वर्तमानपत्राची आठ-दहा पदरी घडी ठेवा. फरशीवर किंवा लाकडावर थेट कागद ठेवला तर ठशाचा मधला भाग उमटत नाही. खाली मऊ असलं की सगळीकडे सारखा दाब बसतो. ठसा सरळ ठेवायचा, तळहाताने दाबायचा, सरळ उचलायचा. हलवायचा नाही. मुलं हमखास हलवतात.

आता खोडरबर. इथे जरा थांबायला हवं, कारण खरी मजा इथेच आहे. पांढरं, मऊ, प्लास्टिकसारखं खोडरबर घ्या. जुनं कडक गुलाबी असेल ते कोरताना तुकडे पाडतं. मऊ शिसाच्या पेन्सिलीने कागदावर चित्र काढा, पतंग काढा, सुगड काढा, ऊस काढा. मग तो कागद चित्राच्या बाजूने खोडरबरावर पालथा ठेवून मागून चमच्याने घासा. चित्र रबरावर उलटं उतरतं, आणि छापल्यावर सुलट होतं. हे चित्राला नसलं तरी चालतं, अक्षराला नसलं तर पंचाईत. मी पहिल्यांदा रबरावर थेट 'गोड' असं कोरलं होतं. छापल्यावर जे उमटलं ते ना मराठी, ना कन्नड. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे आरशात छान दिसतंय."

कोरताना पातं थोडं बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि ती दाबल्यावर वाकत नाही. मराठी अक्षर कोरायला तसं सोपं, शिरोरेघ सरळ, काना सरळ. कन्नड अक्षर सगळं गोल. आमच्याकडे कार्डं दोन्ही भाषांत लागतात, कारण निम्मे शेजारी मराठी, निम्मे कन्नड, आणि काही घरांत सासू एका भाषेची, सून दुसऱ्या. मराठीत 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि कन्नडमध्ये 'एळ्ळु-बेल्ल तगोंडु एळ्ळु-बेल्लदंग इरोण', म्हणजे तीळ-गूळ घेऊन तीळ-गुळासारखं राहूया. आपण नुसतं बोलायला सांगतो, ते राहायला सांगतात. मला त्यांचं जास्त आवडतं, पण कोरायला आपलं बरं. गोल अक्षरासाठी एक युक्ती आहे: पातं जागेवर ठेवा आणि रबर फिरवा. हात फिरवायला गेलात तर रेषेला कोपरे पडतात, कधी बोटालाही.

दसऱ्याला याहून सोपं. आपट्याचं पान घ्यायचं, मागच्या बाजूला शिरा ठळक असतात, त्या बाजूला रंग लावायचा, वर कागद ठेवून बोटाने हळू चोळायचं. निसर्गाने कोरून ठेवलेला ठसा आहे तो, आपल्याला मेहनत नाही.

कागदाचं थोडक्यात सांगते. स्टेशनरीच्या दुकानात दोनशे ते अडीचशे जीएसएमची, म्हणजे जाडसर, कार्डशीट मागा, ए-फोर आकाराची. मधोमध आडवी कापली की दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दुमडला की साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचं कार्ड. दुमडण्याआधी पट्टी धरून, रिकाम्या झालेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर कागद फुटतो. कागदाला लाकडासारखी एक दिशा असते, त्या दिशेने तो निमूट वाकतो.

कार्ड झालं. आत काय लिहायचं? इथे पुष्कळांचं गाडं अडतं. 'आपणांस व आपल्या कुटुंबीयांस' असं सुरू केलं की कार्ड पुन्हा दुकानातलं होतं. मी काही वर्षांपासून आत एक गोड पदार्थ लिहिते. नुसत्या शुभेच्छांचं कार्ड चार दिवसांनी रद्दीत जातं. पदार्थ लिहिलेलं कार्ड फडताळाच्या दाराला आतून चिकटतं, त्यावर तुपाचे डाग पडतात. आणि कार्डाच्या आतल्या एका पानावर जेवढं मावेल तेवढंच लिहायचं, म्हणून उगाच पाल्हाळ होत नाही.

परगावच्या कार्डांत माझा पहिला मान कुंद्याचा. कुंदा बेळगावचा, पाहुणे गाडीत बसायच्या आधी डबा घेतल्याशिवाय जात नाहीत. दुकानात तो मोठ्या कढईत होतो, मी घरचा सांगते. लिटरभर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर निम्मं होईपर्यंत आटवा. कडेची साय खरवडून आत ढकलत राहा. मग दोन चमचे आंबट दही घाला. दूध फाटल्यासारखं होईल, घाबरायचं नाही, कुंद्याचा रवाळपणा तिथूनच येतो. पाऊण वाटी साखर घ्या, त्यातली दोन चमचे बाजूला काढून बाकीची दुधात घाला आणि ढवळत राहा. ते दाटत आलं की दुसऱ्या छोट्या कढईत ती दोन चमचे साखर पाण्याशिवाय वितळवा. मधासारखा रंग आला की लगेच गॅस बंद करून दुधात ओता. चेहरा लांब ठेवा, ते उसळतं. एक क्षण उशीर झाला तर साखर कडू होते आणि मग वेलदोडा कितीही घाला, झाकत नाही. आता बारीक आचेवर, पातेल्याची कड सुटून तपकिरी गोळा होईपर्यंत परता. तासाच्या वर जातो. लिटरभर दुधाचा कुंदा दीड-दोन वाट्या. पाच-सहा जणांना चमचा-दोन चमचे पुरतो, आणि तेवढाच खायचा असतो.

गोकाकचा करदंट मात्र मी कार्डावर लिहीत नाही. डिंक तळायचा, सुका मेवा, गुळाचा पाक, तो पाक हाताला कळावा लागतो, लिहून येत नाही. तो विकत आणावा.

संक्रांतीच्या कार्डात शेंगापोळी. कन्नड शेजारी तिला शेंगा होळिगे म्हणतात, पोळी तीच. दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे, त्यांचं बारीक कूट, सव्वा वाटी किसलेला मऊ गूळ, चमचाभर भाजलेले तीळ, वेलदोडा. चिक्कीचा गूळ घेऊ नका, पोळी गार झाली की दाताला लागते. कूट आणि गूळ एकत्र कुटून, दोन-तीन चमचे पाणी शिंपडून गोळा वळता येईल इतपत करा. गुळाचा एकही खडा राहता कामा नये, लाटताना तोच पोळी फाडतो. वरच्या आवरणाला कणीक, थोडा मैदा, चिमूटभर मीठ आणि गरम तेलाचं मोहन, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. पातळ लाटून मध्यम आचेवर भाजा. आठवडाभर सहज टिकते, म्हणून आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या पिशवीत हीच असते.

पाकिटावर पत्ता लिहिताना आमच्या मुलांत वाद व्हायचा, 'बेळगाव' लिहायचं की 'बेळगावी'. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. मी सांगायचे, पिन कोड ठळक लिहा. ५९०००१ असं लिहिलं की कार्ड येतं, वाद मागे राहतो.

आता एक कबुली. दोन वर्षांपूर्वी मी कुंद्याची बावीस कार्डं केली, पंधरा परगावी पाठवली. घाईत, रात्री, चष्मा न लावता लिहिलेली. आठवड्याने पुण्याच्या नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, दही दोन वाट्या?" मी म्हटलं, "दोन चमचे हो!" त्या म्हणाल्या, "कार्डावर वाट्या आहेत. आणि लिटरभर दुधाचं जे काय झालंय, ते मी शेवटी पराठ्यात घातलंय." मी उरलेली सात कार्डं काढून बघितली. सातही तशीच. उरलेल्या चौदा घरांना फोन करण्यात संध्याकाळ गेली. दोघींनी करून टाकलं होतं, एकीने कौतुकही केलं, पनीर छान झालं म्हणून.

त्या रात्री मी एक नवीन खोडरबर घेतलं आणि जुन्या दुकानदारांच्या बिलावर असायचं ते कोरलं: चू. भू. दे. घे. चूकभूल द्यावी घ्यावी. पालथा कागद, चमच्याने घासणं, सगळं शहाण्यासारखं केलं. तो ठसा आता प्रत्येक कार्डाच्या मागे उमटतो. यंदाही उमटेल, कारण शेंगापोळीत गूळ सव्वा वाटी की दीड, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

नमस्कार.