ओआरएसमध्ये साखर कशासाठी असते?

जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस (साखर-मिठाचं पाणी) द्या म्हटलं, की बऱ्याच आया विचारतात, "साखर कशाला? ताकद यावी म्हणून?" नाही. ती साखर मिठासाठी आहे. कसं ते सांगतो.

खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण २ लिटर पाणी पोटात जातं. त्यात लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आतड्यात रोज ८-९ लिटर उतरतं! त्यातलं बहुतेक सगळं लहान आतडं परत शोषतं, उरलेलं मोठं आतडं. शौचावाटे जातं जेमतेम १००-२०० मिली.

पण पाणी एकटं आत जात नाही. पेशी आधी सोडियम ओढून घेतात, पाणी त्याच्या मागोमाग जातं. कॉलऱ्यात जंतूचं विष पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं, मग पाणीही बाहेर. नुसतं मीठ-पाणी पाजून भागत नाही. एक दार मात्र त्या विषालाही बंद करता येत नाही. तिथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात: ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन.

१९७१. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बोनगावला आले होते, छावणीत कॉलरा, आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांच्याच हातात दिलं, पाजत राहा म्हणून. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. फार उशीर केला आपण, असं मला मनापासून वाटतं.

आता घरचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात, असलं काही करू नका. गोडाचं प्रमाण वाढलं तर साखरच आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक किंवा डब्यातला ज्यूस चालणार नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चमच्या-चमच्याने पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध बंद करू नका.

बाळ मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईना, पिणंच थांबलं किंवा शौचात रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा.