अ‍ॅम्बॅसडर: शाळकरी मुलांचं ट्रंपेट

(दृश्य: पेटी उघडते. बेलवरची, म्हणजे ट्रंपेटच्या पसरट तोंडावरची, कोरीव अक्षरं.)

एफ. ई. ओल्ड्स अँड सन, लॉस एंजेलिस. वरचं लॅकर उडालंय, पितळ काळवंडलंय, पण अक्षरं अजून बोटाला लागतात. मॉडेलचं नाव अ‍ॅम्बॅसडर. ओल्ड्सने हे खास शिकणाऱ्या मुलांसाठी काढलं होतं.

आपल्याकडे ट्रंपेट म्हटलं की वरात आठवते. अमेरिकेत ते शाळेत भेटतं. 1923 साली शिकागोत राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा भरली, तिला पैसा पुरवला वाद्यांच्या कारखानदारांनी. त्यांचा हिशेब सरळ होता: शाळेत बँड आला की दरवर्षी नवं गिऱ्हाईक. 1942 मध्ये धातू युद्धाकडे वळवला गेला आणि वाद्यांचे कारखाने लष्करी कामाला लागले. युद्ध संपलं तेव्हा शाळांना वाद्यं हवी होती, आणि तीही बेताच्या किमतीत.

त्याच सुमाराला, 1947 मध्ये, फॉस्टर रेनॉल्ड्स ओल्ड्समध्ये आले. हे क्लीव्हलंडचे मुरलेले कारागीर, स्वतःच्या नावाची वाद्यकंपनी चालवलेले. अ‍ॅम्बॅसडर ओल्ड्सच्या यादीत सर्वांत खालच्या किमतीचं. इथे पैसे वाचवलेत ते नक्षीत आणि सजावटीत. काटकसर कुठे केली नाही, ते आता बघा.

(दृश्य: दुसरा पिस्टन बाहेर येतो.)

ट्रंपेटला बोटाने दाबायचे तीन दट्टे असतात, तेच पिस्टन. पिस्टन आणि त्याचं नळकांडं यांच्यात फट किती, तर तेलाचा पातळ थर मावेल एवढी. पिस्टन खाली गेला की त्यातली भोकं जादाच्या नळीसमोर येतात आणि हवेला वळसा पडतो. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका, तिसरा दाबला की दीड स्वराने. आता पहिला आणि तिसरा एकदम दाबा. पहिल्याने नळी आधीच लांबवलेली असते, आणि लांब नळीचा सूर तेवढाच उतरवायला जास्त लांबी लागते. ती कमी पडते, म्हणून सूर चढा लागतो.

(दृश्य: डावा हात, तिसरी स्लाइड.)

स्लाइड म्हणजे पिस्टनच्या जादाच्या नळीचा सरकणारा भाग. चढा सूर उतरवण्यासाठी तिसरीला ही कडी. तिच्यात बोट अडकवायचं आणि स्लाइड जराशी बाहेर ढकलायची. किती ढकलायची ते कानाने ठरवायचं. नवशिक्याचा कान तयार करायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

नळीचा आतला व्यास 0.460 इंच, म्हणजे सुमारे 11.7 मिलिमीटर. आजचे कितीतरी व्यावसायिक वादक साधारण याच मापाचं ट्रंपेट वाजवतात. मुलांच्या हातात कंपनीने खरंखुरं वाद्य दिलं होतं.

(दृश्य: दुरुस्तीचं टेबल.)

नळीच्या वळणात पोचा आलाय. आत योग्य मापाचा पोलादी गोळा सोडायचा आणि बाहेरून हलक्या हाताने ठोकत पितळ गोळ्यावर बसवायचं. एकदम मोठा गोळा घातला तर तो अडकतो. म्हणून लहान गोळ्यापासून सुरुवात. घाई केली की पितळ ताणलं जातं आणि मूळचा आकार परत येत नाही.

(दृश्य: लालसर बेल.)

हे दुसरं, कॉन कंपनीचं डायरेक्टर, एल्कहार्ट, इंडियानातलं. हेही विद्यार्थ्यांसाठीच. त्याची बेल तांब्याची, तिला सांधा नाही. साच्यावर विजेच्या प्रवाहाने तांब्याचे थर चढवून ती घडवलीय. शाळेच्या वाद्यासाठी एवढी मेहनत घ्यावीशी वाटणारे कारखाने होते, ही गोष्ट नोंदवून ठेवावी अशी आहे.

ओल्ड्सचा कारखाना 1950च्या दशकात फुलर्टनला गेला आणि 1979 मध्ये बंद पडला.

जुनं अ‍ॅम्बॅसडर विकत घेणार असाल तर बेलवर लॉस एंजेलिस आहे की फुलर्टन, ते आधी पाहा. काळाचा अंदाज येतो. पिस्टनच्या नळकांड्यावरच्या क्रमांकावरून आणखी जवळ जाता येतं. मग माउथपीसलगतच्या नळीवर गुलाबी ठिपके आहेत का ते बघा. थुंकीतल्या आम्लाने पितळातलं जस्त झिजतं आणि तांबं उघडं पडतं. पण ती नळी बदलून मिळते, तेवढ्यासाठी वाद्य भंगारात देऊ नका. शेवटी पिस्टन न दाबता दुसरी स्लाइड ओढून काढा. टप् आवाज आला तर पिस्टन अजून झिजलेला नाही. आवाज आलाच नाही तर किंमत पाडून मागा, कारण पिस्टनचं काम ट्रंपेटपेक्षाही महाग पडू शकतं.